सहा पौंड, एक दूरध्वनी आणि जेवणाचे टेबल

मुलींच्या शाळेत गणिताला शिक्षक नाही, ही अडचण आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. विषय घेणाऱ्या मुली दोन किंवा तीन. तेवढ्यांसाठी शिक्षक कोण नेमणार? मग त्या मुलींची समजूत घालून त्यांना दुसरा विषय दिला जातो आणि वेळापत्रक पूर्ण होते. इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सीमेजवळच्या ऑस्वेस्ट्री गावातील मुलींच्या हायस्कुलातही दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गणिताची अशीच गैरसोय होती. तिथल्या एका मुलीला मात्र गणितच शिकायचे होते. तिची चाचणी घेण्यात आली आणि गणिताच्या तासापुरते तिने मुलांच्या शाळेत जाऊन बसावे, अशी परवानगी मिळाली.

शाळेच्या दफ्तरात ही गोष्ट एका ओळीत मावली असेल. पण ती परवानगी नाकारली गेली असती, तर ब्रिटनमधील संगणक उद्योगाच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण बहुधा घडलेच नसते. विज्ञान-तंत्रज्ञानातील नवउद्योगांना, त्यातही स्त्रियांच्या नवउद्योगांना, साहाय्य कसे करावे याची चर्चा आज पुष्कळ होते. योजना निघतात, पारितोषिके दिली जातात. अशा वेळी, ज्या काळी यातले काहीच नव्हते त्या काळातील एका उद्योजिकेच्या वाटेत नेमके कोणते धोंडे होते आणि ते कसे दूर झाले, हे बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटले.

ही मुलगी मूळची इंग्लंडची नव्हती. तिचे नाव व्हेरा बुखटाल. हिटलर जर्मनीत सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, डॉर्टमुंड शहरात तिचा जन्म झाला. वडील ज्यू, व्यवसायाने न्यायाधीश; नाझी राजवटीत त्यांचे पद गेले. महायुद्धापूर्वीच्या काही महिन्यांत सुमारे दहा हजार मुलांना, त्यातल्या बहुतेक ज्यू मुलांना, आईवडिलांशिवाय आगगाडीने ब्रिटनमध्ये आणण्यात आले. जुलै १९३९ मधल्या अशाच एका गाडीत पाच वर्षांची व्हेरा आणि तिची नऊ वर्षांची बहीण होती. इंग्लंडमधल्या एका निपुत्रिक जोडप्याने दोघींना सांभाळले. वयाच्या अठराव्या वर्षी तिला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, तेव्हा तिने नावही इंग्रजी घेतले : स्टेफनी ब्रुक. पुढे लग्नानंतर ती स्टेफनी शर्ली झाली. आपण वाचलो ते अनोळखी माणसांच्या चांगुलपणामुळे, तेव्हा वाचवलेल्या या आयुष्याचे काहीतरी सार्थक करायला हवे, असे शर्लीबाई पुढे वारंवार सांगत.

शाळा संपल्यावर त्या विद्यापीठात गेल्या नाहीत. मुलींना विज्ञान म्हणून मिळू शकत होते ते वनस्पतिशास्त्र, आणि त्यांना तर गणित हवे होते. १९५१ मध्ये त्यांनी लंडनजवळच्या डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली. टपाल खात्याचे संशोधन केंद्र म्हटल्यावर तिकिटांचा डिंक डोळ्यांसमोर येईल. पण ब्रिटनमध्ये दूरध्वनी याच खात्याकडे होता, आणि युद्धकाळात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारे 'कोलॉसस' हे इलेक्ट्रॉनिक यंत्र टॉमी फ्लॉवर्स यांनी इथेच उभारले होते. शर्लीबाई दिवसा नोकरी करीत आणि संध्याकाळच्या वर्गांना जात. अशा सहा वर्षांत त्यांनी गणितातील पदवी मिळवली.

इथल्या एका यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण गणिताच्या शिक्षकांना ते आवडेल. १९५६ मध्ये ब्रिटिश सरकारने बक्षिसाचे बचत रोखे काढले. व्याजाऐवजी दर महिन्याला सोडत काढून बक्षिसे द्यायची, अशी ती योजना. सोडत काढणार कशी? लाखो चिठ्ठ्या पिंपात घालून ढवळणे अशक्य. त्यासाठी डॉलिस हिलच्या तंत्रज्ञांनी 'अर्नी' नावाचे यंत्र बनवले. निऑन वायूने भरलेल्या नळीतून विद्युतप्रवाह जातो तेव्हा त्यात अतिसूक्ष्म, अनियमित चढउतार होत राहतात. हे चढउतार मोजून अर्नी यदृच्छ अंक तयार करीत असे. पहिली सोडत जून १९५७ मध्ये निघाली. हे अंक खरोखर यदृच्छ आहेत की त्यांत एखादी छुपी लय आहे, हे तपासणे म्हणजे संख्याशास्त्राचा कस. अर्नीवर काम करणाऱ्या मंडळींत शर्लीबाईही होत्या.

याच केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ डेरेक शर्ली यांच्याशी १९५९ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि त्या संगणक बनवणाऱ्या एका लहान कंपनीत गेल्या. तिथला एक प्रसंग त्या सांगत. बैठकीत वस्तूच्या किमतीविषयी त्यांनी काही सुचवले, तेव्हा त्यांना गप्प करण्यात आले : तुम्ही तांत्रिक बाजूच्या, यात तुमचा संबंध नाही. त्याच सुमारास त्यांनी नोकरी सोडण्याचे ठरवले. सरकारी खात्यात आधी 'बाई' म्हणून आणि इथे 'तांत्रिक' म्हणून; दोन्हीकडे एका मर्यादेपुढे वर जाता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

१९६२ मध्ये त्यांनी आपला उद्योग सुरू केला. भांडवल सहा पौंड. कार्यालय म्हणजे चेशम येथील घरातले जेवणाचे टेबल. माल म्हणजे संगणकाच्या आज्ञावल्या, आजच्या भाषेत सॉफ्टवेअर. आज यात नवल वाटणार नाही. पण तेव्हा आज्ञावली ही विकण्याची वस्तू आहे हेच कोणाला पटत नसे. संगणक विकणारी कंपनी यंत्राबरोबर आज्ञावल्या फुकट देई. (यंत्र आणि आज्ञावल्या यांच्या किमती वेगळ्या करण्याचे आयबीएम या बलाढ्य कंपनीने जाहीर केले ते १९६९ मध्ये.) फुकट मिळणारी वस्तू विकायची, आणि तीही एका बाईने! लोक हसले यात आश्चर्य नाही.

पण हा उद्योग टेबलावर चालू शकला याचे कारण त्या काळच्या तंत्रात आहे. आज आज्ञावली लिहायची तर समोर संगणक लागतो. १९६२ मध्ये तो लागत नसे. संगणक खोलीभर मोठा, प्रचंड महाग, आणि त्याचा एकेक तास मोजून मिळणारा. त्यामुळे आज्ञावली आधी कागदावरच लिहिली जाई. प्रथम प्रवाहचित्र काढायचे : कोणती पायरी आधी, कोणती नंतर, कुठे 'होय' असेल तर इकडे आणि 'नाही' असेल तर तिकडे. मग छापील चौकटींच्या कागदांवर पेन्सिलीने एकेक आज्ञा लिहायची. त्यानंतर आपणच संगणक आहोत असे समजून, एकेक ओळ वाचत, अंक मनात फिरवत चुका शोधायच्या. हे झाल्यावर ते कागद पाठवायचे. तिथे कोणीतरी त्यावरून पत्त्यांना किंवा कागदी फितीला भोके पाडणार, आणि मग कुठे ते यंत्रात जाणार. म्हणजे कामाचा सर्वांत बुद्धीचा भाग कागद, पेन्सिल आणि डोके एवढ्यावर होत असे. तो कचेरीतच व्हायला हवा, याला सवयीशिवाय काही आधार नव्हता.

आणि हे काम येणाऱ्या स्त्रिया घरोघर बसून होत्या. युद्धकाळापासून ब्रिटनमध्ये गणनयंत्रांवर असंख्य मुली काम करीत. लग्न झाले, पहिल्या मुलाची चाहूल लागली, की त्यांची नोकरी सुटे. नागरी सेवेत तर लग्न झालेल्या स्त्रीने नोकरी सोडावी असा नियमच १९४६ पर्यंत होता. समान वेतन टप्प्याटप्प्याने लागू झाले ते १९५५ ते १९६१ या काळात. मार हिक्स या इतिहासकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले आहे, की प्रशिक्षित स्त्रियांना असे बाजूला सारल्यामुळे ब्रिटनचा संगणक उद्योगच पुढे लंगडा झाला. देशाने खर्च करून तयार केलेले कौशल्य स्वयंपाकघरात पडून होते. शर्लीबाईंनी नेमके तेच उचलले.

अमेरिकेत एल्सी शट या बाईंनी १९५७ मध्येच असा प्रयोग केला होता. मूल होणार म्हणून नोकरी गेली, तेव्हा त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये घरी बसून आज्ञावल्या लिहिणाऱ्या स्त्रियांची कंपनी काढली. दोघींच्या वाटेतला धोंडा एकच होता, त्यामुळे उपायही सारखाच निघाला.

आता शर्लीबाईंच्या वाटेतले धोंडे पाहू. पहिला धोंडा नावाचा. कामाची मागणी करणारी पत्रे त्या स्वतःच्या नावाने सही करून पाठवीत. उत्तरच येत नसे. पतीने सुचवले, की स्टेफनीऐवजी 'स्टीव्ह' लिहून पाहा. स्टीव्ह हे पुरुषाचे नाव. पत्रे तीच, कंपनी तीच, दर तोच. आता मात्र भेटीची वेळ मिळू लागली. आपल्यासमोर 'स्टीव्ह शर्ली' म्हणून एक बाई उभी आहे हे कळेपर्यंत त्या खोलीत पोचलेल्या असत. हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. (ही युक्ती गमतीची वाटते खरी, पण आम्हाला ती वाचताना हसू आले नाही. गुणवत्ता दाखवण्याआधी नाव झाकावे लागते, हा अनुभव आपल्याकडे आडनावाच्या बाबतीत किती विद्यार्थ्यांना येतो हे शिक्षकांना सांगायला नको.)

दुसरा धोंडा बँकेचा. खाते उघडायला पतीची संमती लागली, असे त्यांनी नोंदवले आहे. तिसरा धोंडा घरच्या आवाजांचा. ग्राहकाचा दूरध्वनी आला की मागे मूल रडणार. १९६३ मध्ये शर्लीबाईंना मुलगा झाला. मग त्यांनी टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची एक ध्वनिफीत तयार करून ठेवली. घंटी वाजली की आधी फीत सुरू करायची, मग बोलायचे. पलीकडच्या गृहस्थाला वाटावे, मोठे कार्यालय आहे, चार टंकलेखक कामाला आहेत.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. घरी काम करणाऱ्या बाईने किती तास काम केले, हे ग्राहकाला दिसत नाही. म्हणून त्याचा विश्वास बसत नाही. शर्लीबाईंनी तासांचा हिशोबच काढून टाकला. हे काम इतक्या पैशांत, इतक्या मुदतीत, या दर्जाचे करून देऊ, असा ठोक भाव त्या सांगत. मग ते काम दुपारी मूल झोपल्यावर झाले की रात्री दहाला, याच्याशी ग्राहकाला कर्तव्य उरत नाही. पण ठोक भाव सांगायचा तर कामाचा अंदाज अचूक हवा. चुकला तर तोटा आपला. त्यामुळे काम लहान तुकड्यांत पाडणे, प्रत्येक तुकड्याची लेखी नोंद ठेवणे, एकीने लिहिलेले दुसरीने तपासणे, आज्ञावली लिहिण्याचे ठरलेले नियम पाळणे, ही शिस्त तिथे गरजेतून आली. एकमेकींचे तोंडही न पाहणाऱ्या तीस जणी एका आज्ञावलीवर काम करतात तेव्हा तोंडी सांगण्यावर भागत नाही.

तीस जणी हा आकडा कल्पनेतला नाही. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या काँकॉर्ड विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स'साठी, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या उपकरणासाठी, याच कंपनीने आज्ञावल्या लिहिल्या, आणि त्या लिहिणाऱ्या सुमारे तीस स्त्रिया आपापल्या घरी बसून काम करीत होत्या. १९६६ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अ‍ॅन मोफॅट नावाच्या तरुण बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काम करीत आहेत, शेजारी त्यांचे तान्हे मूल आहे. काँकॉर्डचे पहिले उड्डाण १९६९ मध्ये झाले. याशिवाय मालगाड्यांची आखणी, बसगाड्यांची वेळापत्रके अशी कामेही कंपनीकडे आली.

भरतीसाठी फार कागदपत्रे लागत नसत, पण अनुभव लागे, आणि घरी दूरध्वनी हवा. ही दुसरी अट वाचून वाचकांनी क्षणभर थांबावे. त्या काळी ब्रिटनमध्येही घरोघर दूरध्वनी नव्हता. म्हणजे ज्यांना ही संधी मिळाली त्या शिकलेल्या, अनुभवी, बऱ्या परिस्थितीतल्या मध्यमवर्गीय स्त्रिया होत्या. त्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या कागदांवरून पत्त्यांना भोके पाडणाऱ्या मुलींचे काय? संगणकाच्या जगात संख्येने मोठा वर्ग तोच होता. पगार कमी, काम कंटाळवाणे, वर जायला शिडी नाही. त्यांच्यासाठी या प्रयोगात जागा नव्हती. शिवाय करारावर काम करणाऱ्या बाईला काम नसेल तर पैसेही नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मंदी आली तेव्हा कंपनी बुडता बुडता वाचली. शर्लीबाईंचे कौतुक करणाऱ्या लेखांत या बाजू सहसा येत नाहीत, म्हणून त्या इथे मुद्दाम लिहिल्या.

तरीही त्यांनी एक गोष्ट अशी केली, जी भलेभले उद्योगपती करत नाहीत. कंपनीची मालकी त्यांनी टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्यांच्या हाती दिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नियंत्रण कर्मचाऱ्यांकडे गेले होते. १९९६ मध्ये कंपनीचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आले. त्यातून सत्तर कर्मचारी लक्षाधीश झाले, असे शर्लीबाई अभिमानाने सांगत. लक्षाधीश म्हणजे पौंडांत दशलक्ष, हे लक्षात घ्यावे.

मधल्या काळात कायद्याने एक गंमत केली. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष होते अवघे तीन. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभाव बंद करणारा कायदा झाला. त्याने बँकांची आणि मालकांची मनमानी थांबवली हे खरेच. पण त्याच कायद्याने केवळ स्त्रियांना काम देण्याचे शर्लीबाईंचे धोरणही बेकायदा ठरले! कंपनीच्या उद्दिष्टाचे शब्द कसे बदलत गेले ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला उद्दिष्ट होते मुले असलेल्या स्त्रियांना काम देण्याचे. मग 'काम'च्या जागी 'करिअर' हा शब्द आला. पुढे 'मुले' जाऊन 'अवलंबून असलेली माणसे' आली, कारण घरात म्हातारे सासूसासरे असतात, आजारी नवरा असतो. कायद्यानंतर 'स्त्रियां'च्या जागी 'व्यक्ती' आली. म्हणजे शेवटी ज्याच्यावर कोणाची तरी काळजी घेण्याचा भार आहे अशा कोणाही माणसासाठी ती कंपनी झाली.

हा बदल कागदोपत्री नव्हता. शर्लीबाईंच्या मुलाला तीव्र स्वमग्नता होती. तो बोलायला शिकला होता ते बोलणे विसरला. सांभाळण्याचा भार म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती. या ताणाने त्या स्वतः एकदा कोलमडल्या आणि रुग्णालयात राहिल्या. १९९८ मध्ये मुलगा वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेला. १९९३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली बहुतेक संपत्ती स्वमग्न मुलांच्या शाळा, त्यांच्यासंबंधीचे संशोधन आणि संगणकविषयक संस्था यांना देऊन टाकली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील इंटरनेटचा अभ्यास करणारी संस्था त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे असा प्रश्न आला नाही असे नाही. बंगळूरच्या किरण मजुमदार या १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचे, म्हणजे किण्वनाचे शास्त्र शिकून आल्या. भारतातल्या मद्यकारखान्यांना त्या कामावर बाई नको होती. १९७८ मध्ये त्यांनी दहा हजार रुपये भांडवलावर भाड्याच्या गॅरेजमध्ये बायोकॉन ही कंपनी सुरू केली. पपईपासून मिळणारे पपेन हे विकर हे त्यांच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक. वय पंचवीस, व्यवसाय कोणाला न समजणारा, आणि मालक बाई : बँका कर्ज देईनात. जेवणाच्या टेबलाच्या जागी गॅरेज आले, बाकी गोष्ट ओळखीची आहे. संसारासाठी संशोधन सोडावे लागलेल्या स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेकडे आणणारी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली. शर्लीबाईंनी 'घरी बसलेले कौशल्य' हेरले त्यानंतर चाळीस वर्षांनी.

शर्लीबाईंच्या कंपनीचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने दिल्लीजवळची एक भारतीय सॉफ्टवेअर कंपनी घेतली. पुढे 'झान्सा' हे नाव धारण करून तिने नोएडा, चेन्नई आणि पुणे येथे मोठी केंद्रे चालवली. २००७ मध्ये स्तेरिया या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. चेशमच्या टेबलावर सुरू झालेल्या कंपनीचे काम आता पुण्यात, शेकडो लोक एका छताखाली बसून, येण्याजाण्याच्या वेळांची नोंद करून होऊ लागले. मुलाला पाळणाघरातून आणायची वेळ झाली म्हणून घड्याळाकडे पाहणाऱ्या मुली तिथेही असणारच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आणि पुण्यातील हजारो संगणक अभियंते आपापल्या घरच्या टेबलाशी बसून काम करू लागले. मागे मुलांचा आवाज येत होता; ध्वनिफीत कोणीच लावली नव्हती.